मुलाम्यावरील कुलचिन्ह : इंग्लंडमधील चांदीचा थर दिलेली भोजनपात्रे आणि उमराव वर्गाची पत (इ.स. १७४३ ते १९००)

प्रस्तावना

इतिहासाची साधने म्हटली की कागदपत्रे, शिलालेख, ताम्रपट आणि नाणी यांचा प्रथम विचार होतो. भोजनगृहातील भांड्यांकडे साधन म्हणून क्वचितच पाहिले जाते. वस्तुसंग्रहालयात ती असली तरी त्यांची नोंद बहुधा कलाकुसरीच्या सदरात होते. वास्तविक भांडे ही मालकाची आर्थिक कुवत, त्याच्या काळातील तंत्रज्ञान आणि समाजातील त्याचे स्थान या तिन्ही गोष्टी एकत्र सांगणारी वस्तू आहे. त्यावर मालकाचे चिन्ह कोरलेले असेल तर तिला दस्तऐवजाचे स्वरूप प्राप्त होते. महाराष्ट्रातही लग्नात दिलेल्या भांड्यांवर नाव घालण्याची प्रथा होती. अशा भांड्यांवरून घराण्यांतील नातेसंबंध आजही उलगडता येतात.

प्रस्तुत लेखात इंग्लंडमधील अशाच एका वस्तुप्रकाराचा विचार केला आहे. अठराव्या शतकाच्या मध्यापासून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तेथील उमराव आणि जमीनदार घराण्यांच्या मेजावर तांब्यावर किंवा मिश्रधातूवर चांदीचा थर दिलेली वाढपाची भांडी मोठ्या प्रमाणावर आली. सूपची मोठी भांडी, झाकणाची ताटे, तबके, रश्श्याची पात्रे, मद्यकुपी ठेवण्याच्या बैठका असे त्यांचे प्रकार होते. त्यांपैकी अनेकांवर घराण्याचे चिन्ह कोरलेले आढळते. येथे एक विसंगती जाणवते. कुलचिन्ह हे वंश, अधिकार आणि सातत्य यांचे प्रतीक. मुलामा हा मात्र दिसण्यापुरता खरेपणा. या दोहोंचा मेळ कसा बसला, हा या लेखाचा प्रश्न आहे. अशी भांडी श्रीमंतीपेक्षा पत राखण्याच्या प्रयत्नाचा पुरावा आहेत, असे प्रतिपादन येथे केले आहे.

कुलचिन्हाचे स्वरूप आणि अधिकार

युरोपीय कुलचिन्हाचा उगम मध्ययुगीन युद्धपद्धतीत आहे. चिलखत आणि शिरस्त्राण यांमुळे योद्ध्याचा चेहरा झाकला जाई. ढालीवरील आकृती ही त्याची ओळख बनली. पुढे ही आकृती वंशपरंपरेने चालू लागली. पूर्ण कुलचिन्हात ढाल, तिच्यावर शिरस्त्राण, शिरस्त्राणावर उभारलेली आकृती, वरिष्ठ उमरावांच्या बाबतीत ढालीला दोन्ही बाजूंनी आधार देणारे प्राणी किंवा मानवाकृती आणि ब्रीदवाक्य असे घटक असतात. शिरस्त्राणावरील आकृतीला इंग्रजीत क्रेस्ट म्हणतात. या लेखात तिच्यासाठी शिरोचिन्ह हा शब्द वापरला आहे. बोलण्यात संपूर्ण कुलचिन्हालाच क्रेस्ट म्हटले जाते. ते शास्त्रशुद्ध नाही.

इंग्लंडमध्ये कुलचिन्हे देण्याचा आणि त्यांची नोंद ठेवण्याचा अधिकार कॉलेज ऑफ आर्म्स या संस्थेकडे आहे. तिला १४८४ मध्ये राजसनद मिळाली. १५३० ते १६८८ या काळात तिचे अधिकारी परगण्या-परगण्यांत फिरून कोणाचे चिन्ह वैध आणि कोणाचे अवैध याची तपासणी करीत. हे दौरे बंद झाल्यानंतर नियंत्रण सैल झाले. चिन्हांच्या गैरवापराचे खटले चालविणारे न्यायालय १७३७ नंतर जवळजवळ बंदच पडले. त्यानंतर ते १९५४ मध्ये एका खटल्यापुरते बसले. याचा अर्थ असा की, ज्या काळात चांदीचा थर दिलेली भांडी बाजारात आली, त्याच काळात खोटे चिन्ह कोरणाऱ्यास प्रत्यक्षात शिक्षेचे भय उरले नव्हते.

१७९८ मध्ये कुलचिन्ह वापरण्यावर कर बसविण्यात आला. १८६९ च्या कायद्यानुसार चिन्ह घोडागाडीवर रंगविलेले असेल तर वर्षाला २ गिनी आणि अन्यत्र वापरले असेल तर १ गिनी असा दर होता. हा कर १९४४ मध्ये रद्द झाला. कर भरणाऱ्याचा त्या चिन्हावर हक्क आहे की नाही, याची चौकशी कर घेताना होत नसे. हक्काचे रूपांतर अशा रीतीने परवान्यात झाले.

चांदीची भांडी : संपत्ती आणि संकटकाळचा साठा

मुलाम्याच्या भांड्यांचे महत्त्व कळण्यासाठी भरीव चांदीच्या भांड्यांचे आर्थिक कार्य लक्षात घ्यावे लागते. बँकव्यवस्था विकसित होण्यापूर्वी चांदीची भांडी हा घराण्याचा साठविलेला पैसाच होता. गरज पडली की ती वितळवून नाणी पाडता येत. इंग्लंडच्या यादवी युद्धात पहिल्या चार्ल्स राजाने ऑक्सफर्डच्या महाविद्यालयांकडून चांदीची भांडी घेतली आणि १६४३ मध्ये ती तेथील टांकसाळीत वितळविली. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६८९ मध्ये आपले चांदीचे सामान युद्धखर्चासाठी वितळविले. भरीव चांदीचे भांडे म्हणजे वापरात असलेली शिल्लक होती. मराठी घरातील दागिन्यांचे अडीअडचणीतील स्थान ज्यांना परिचित आहे, त्यांना ही कल्पना नवी वाटणार नाही.

अठराव्या शतकात या शिलकेवर सरकारची नजर गेली. १७५६ ते १७७७ या काळात चांदीची भांडी बाळगण्यावर वार्षिक कर होता. १७८४ मध्ये नव्या चांदीच्या वस्तूंवर औंसाला ६ पेन्स शुल्क बसले आणि ते भरल्याची खूण म्हणून राजाच्या मुखवट्याचा ठसा मारला जाऊ लागला. हे शुल्क वाढत जाऊन १८१५ मध्ये औंसाला १ शिलिंग ६ पेन्स झाले. ते १८९० मध्ये रद्द करण्यात आले. चांदीचा थर दिलेल्या तांब्याच्या वस्तूंना हे शुल्क लागू नव्हते. त्यामुळे मुलाम्याच्या भांड्यांची मागणी वाढण्यामागे कमी किमतीबरोबर करव्यवस्थाही कारणीभूत होती.

शेफील्डची कृती

शेफील्ड येथील चाकू-सुऱ्यांचे कारागीर थॉमस बोल्सोव्हर यांना १७४३ च्या सुमारास एका सुरीच्या मुठीची दुरुस्ती करताना चांदी आणि तांबे उष्णतेने एकजीव होतात असे आढळले, अशी परंपरेने सांगितली जाणारी हकीकत आहे. दोन्ही धातूंच्या संपर्काच्या ठिकाणी, त्या प्रत्येकाच्या स्वतंत्र वितळबिंदूपेक्षा कमी तापमानाला, मिश्रधातूचा पातळ थर द्रवरूप होतो आणि तोच सांध्याचे काम करतो. तांब्याच्या लगडीवर चांदीचा पत्रा ठेवून तो तारेने बांधला जाई आणि भट्टीत तापविला जाई. चांदीची कड चमकून पाझरू लागताच लगड बाहेर काढावी लागे. क्षणाचा उशीर झाला तर चांदी वाया जाई. नंतर ती लगड लाटून तिचा पत्रा केला जाई. लाटताना दोन्ही धातू सारख्या प्रमाणात पसरत.

बोल्सोव्हर यांनी प्रामुख्याने गुंड्या आणि लहान डब्या बनविल्या. मोठ्या भांड्यांकडे ही कृती वळविण्याचे श्रेय जोसेफ हॅन्कॉक यांना दिले जाते. पुढे बर्मिंगहॅमजवळील सोहो येथे मॅथ्यू बोल्टन यांनी तिचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले. बोल्टन आणि शेफील्डचे कारागीर यांच्या प्रयत्नांमुळे १७७३ मध्ये या दोन्ही शहरांत धातुपरीक्षा कार्यालये स्थापन झाली. खऱ्या चांदीचा कस तपासणे हे त्यांचे काम होते. मुलाम्याच्या वस्तूंवर चांदीसारखे ठसे मारण्यास त्याच कायद्याने बंदी केली. १७८४ च्या कायद्याने शेफील्ड परिसरातील मुलाम्याच्या उत्पादकांना नोंदणीकृत खूण वापरण्याची मुभा मिळाली. बोल्टन यांच्या कारखान्याची दोन सूर्यांची खूण त्याच वर्षी नोंदली गेली.

चिन्ह कोरण्याची अडचण

या कृतीची खरी कसोटी कुलचिन्ह कोरताना लागत असे. भरीव चांदीवर कोरणाऱ्याची सळई कितीही खोल गेली तरी खाली चांदीच असते. मुलाम्याच्या पत्र्यावर चांदीचा थर पातळ. सळई थोडी खोल गेली की रेषेतून तांब्याचा लाल रंग दिसू लागे. भांड्याच्या कडांची अडचण चांदीची तार बसवून सोडविता आली. पण चिन्ह हे भांड्याच्या दर्शनी भागावर, सर्वांची दृष्टी पडेल अशा ठिकाणी असे.

यावर कारागिरांनी दोन उपाय काढले. सुरुवातीच्या पद्धतीत चिन्हाच्या जागेचा पत्रा कापून काढून तेथे अधिक जाड चांदीचा तुकडा जोडला जाई. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दुसरी, अधिक सफाईची पद्धत आली. शुद्ध चांदीची चकती तापविलेल्या भांड्यावर ठेवून ती घोटून घोटून मूळ पृष्ठाशी एकजीव केली जाई. तिच्या कडा सहजासहजी दिसत नसत. मात्र ही चकती सभोवतालच्या ९२.५ टक्के कसाच्या चांदीपेक्षा शुद्ध असल्यामुळे हवेने काळवंडताना तिची छटा वेगळी पडते. त्यामुळे चिन्हाभोवतीची फिकट गोल किंवा ढालीसारखी जागा ही आज अशा भांड्यांची ओळख पटविणारी खूण मानली जाते.

या तांत्रिक तपशिलाचा सामाजिक अर्थ महत्त्वाचा आहे. संपूर्ण भांडे तांब्याचे असले तरी चालत होते. घराण्याचे चिन्ह मात्र चांदीतच कोरले जाणे आवश्यक होते. मालकाने कोठे काटकसर केली आणि कोठे केली नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा हिशेबाच्या वहीतही सापडणे कठीण आहे. तांबे दिसणे म्हणजे केवळ भांडे झिजणे नव्हते. ते चिन्हाच्याच रेषेतून दिसले असते तर घराण्याच्या नावालाच बट्टा लागला असता.

भोजनपद्धती आणि प्रदर्शन

हे चिन्ह कोणासाठी होते, हेही पाहिले पाहिजे. अठराव्या शतकातील फ्रेंच वळणाच्या भोजनपद्धतीत एका फेरीतील सर्व पदार्थ एकाच वेळी मेजावर मांडले जात. पाहुणे आपापल्या जवळच्या पात्रातून वाढून घेत. त्यामुळे झाकणाची भांडी दीर्घकाळ नजरेसमोर राहत. अन्न गरम राहावे म्हणून काही भांड्यांच्या तळाशी गरम पाण्यासाठी पोकळी असे. काही झाकणांच्या मुठी फिरवून काढता येत, म्हणजे झाकण उलटे ठेवून त्याचेही ताट करता येई. झाकण आणि ताट दोन्हींवर चिन्ह कोरलेले असे आणि त्यांची जोडी चुकू नये म्हणून आकडे घातलेले असत.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून रशियन वळणाची पद्धत रूढ झाली. तीत सेवक पदार्थ एकामागून एक फिरवीत. वाढपाचे भांडे पाहुण्याजवळ क्षणभर थांबे आणि पुढे जाई. या बदलात सेवकांची संख्या आणि त्यांची शिस्त यांना महत्त्व आले. चिन्ह आता सेवकाच्या हातातून पाहुण्यांसमोर फिरू लागले.

ज्यांच्या हातांनी ही भांडी उजळत, त्यांचाही येथे उल्लेख आवश्यक आहे. रोजच्या घासण्याने थर झिजत जाई, म्हणजे ज्या चमकेसाठी घासावे त्याच चमकेखालून तांबे वर येई. कारखान्यांत भांड्यांना शेवटची झिलई देण्याचे काम बऱ्याच अंशी स्त्रिया करीत. उत्पादकाची खूण नोंदली जाई, मालकाचे चिन्ह कोरले जाई. ते कोरणाऱ्याचे आणि घोटणारीचे नाव मात्र सहसा भांड्यावर कोठेच नसते.

विद्युत् मुलामा आणि चिन्हांचा प्रसार

१८४० मध्ये बर्मिंगहॅमच्या जॉर्ज रिचर्ड्स एल्किंग्टन आणि हेन्री एल्किंग्टन यांनी विद्युत्प्रवाहाच्या साह्याने चांदीचा थर देण्याचे एकस्व घेतले. शल्यवैद्य जॉन राइट यांनी शोधलेले पोटॅशियम सायनाइडचे द्रावण या कृतीच्या मुळाशी होते. खालचा धातू म्हणून तांबे, निकेल आणि जस्त यांचा पांढरट मिश्रधातू वापरला जाऊ लागला. तो जर्मन सिल्व्हर या नावाने ओळखला जाई, पण त्यात चांदी मुळीच नव्हती. शेफील्डची जुनी कृती काही वर्षांतच मागे पडली.

चिन्हाच्या दृष्टीने हा बदल मूलभूत होता. आता भांडे आधी घडवावे, त्यावर चिन्ह कोरावे आणि नंतर सर्वांवर चांदी चढवावी, असे शक्य झाले. खालचा धातू पांढरा असल्याने झीजही चटकन दिसत नसे. चिन्हाखाली वेगळी चांदी बसविण्याची गरज संपली. जे चिन्ह पूर्वी भांड्यातील सर्वांत खरी जागा होते, ते आता भांड्याच्या इतर भागाइतकेच खरे किंवा खोटे झाले.

चिन्हांच्या माहितीचा प्रसारही याच काळात झाला. जेम्स फेअरबर्न यांच्या ग्रंथात ब्रिटन आणि आयर्लंडमधील घराण्यांची शिरोचिन्हे आडनावांनुसार एकत्र केली होती. असा संग्रह कोरणाऱ्यांच्या आणि जवाहिऱ्यांच्या उपयोगाचा होता. ग्राहकाने आडनाव सांगावे आणि कारागिराने पुस्तक उघडून त्या आडनावासमोरचे चिन्ह कोरावे, हे सहज शक्य झाले. वास्तविक इंग्लंडच्या कायद्यानुसार कुलचिन्ह आडनावाचे नसते. ते ज्यास दिले त्याचे आणि त्याच्या वंशजांचे असते. तरीही नव्या उद्योगपती आणि व्यापारी वर्गाला अशा चिन्हांचे आकर्षण होते. दुसरीकडे, मुलाम्याला उच्च वर्तुळातही प्रतिष्ठा मिळत होती. फ्रान्समध्ये क्रिस्तोफ्ल या कारखान्याकडून तिसऱ्या नेपोलियनने आपल्या मेजासाठी विद्युत् मुलाम्याचा मोठा संच बनवून घेतला. खुद्द सम्राटाला भरीव चांदीची गरज वाटली नाही, ही घटना काळाच्या बदलाची निदर्शक आहे.

हिंदी संस्थानांशी आलेला संबंध

या चिन्हपरंपरेचा भारताशी, आणि विशेषतः मराठी संस्थानांशी, प्रत्यक्ष संबंध आला तो १ जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबारात. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी संस्थानिकांना युरोपीय धर्तीची कुलचिन्हे असलेले ध्वज प्रदान केले. ही चिन्हे बंगालमधील सनदी अधिकारी रॉबर्ट टेलर यांनी आखली होती. त्यांचा या विषयावरील ग्रंथ १९०२ मध्ये प्रसिद्ध झाला. मराठी राज्यव्यवहारात अधिकाराची खूण कागदावरील मुद्रा आणि मोर्तब यांत, तसेच जरीपटक्यासारख्या निशाणांत होती. ढाल, आधारप्राणी आणि ब्रीदवाक्य यांची मांडणी ही परकी भर होती. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे अशा दरबारांना ती साम्राज्याच्या मानापमानाच्या भाषेचा भाग म्हणून मिळाली.

ग्वाल्हेरच्या जय विलास राजवाड्यातील भोजनमेजावरची चांदीची आगगाडी या संदर्भात लक्षणीय आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीची ही गाडी रुळांवरून पाहुण्यांसमोर मद्याच्या कुप्या फिरवी. तिच्या सात डब्यांवर शिंदे या नावाच्या इंग्रजी रूपाची सात अक्षरे आहेत. कुपी उचलली की गाडी थांबे. वाढपाच्या साधनावर घराण्याची ओळख मिरविण्याची इंग्रजी रीत येथे दिसते. परंतु ढाल आणि शिरस्त्राण यांच्या जागी आगगाडी आणि आडनाव आले आहे.

साधन म्हणून वाचन

अशा भांड्यांचा ऐतिहासिक साधन म्हणून उपयोग करताना काही पथ्ये पाळावी लागतात. चिन्हावरील मुकुटावरून उमरावाची श्रेणी कळते. ड्यूकच्या मुकुटावर स्ट्रॉबेरीची पाने, बॅरनच्या मुकुटावर केवळ गोळे, अर्लच्या मुकुटावर पाने आणि उंच दांड्यांवरील गोळे असतात. ढाल उभी विभागलेली असेल तर पाहणाऱ्याच्या डाव्या हाताचा अर्धा भाग पतीच्या आणि उजवा पत्नीच्या घराण्याचा असतो. त्यावरून विवाहाचा आणि पर्यायाने भांड्याचा काळ ठरविता येतो. स्त्रियांचे चिन्ह ढालीऐवजी शंकरपाळ्याच्या आकारात येते. धातूवर रंग देता येत नसल्याने रेषांची संकेतपद्धती वापरली जाई. सिल्व्हेस्टर पेत्रा सांक्ता या जेझुइट पंडिताच्या १६३८ मधील ग्रंथाने ती प्रचलित केली. तीत उभ्या रेषा म्हणजे लाल, आडव्या म्हणजे निळा आणि ठिपके म्हणजे सोनेरी रंग.

तथापि केवळ शिरोचिन्ह कोरलेले असेल तर मालकाबद्दलचे अनुमान जपून करावे. सिंहाचे मुख किंवा खंजीर धरलेला हात अशी शिरोचिन्हे अनेक घराण्यांत समान आहेत. चिन्ह भांड्यानंतर बऱ्याच वर्षांनी कोरलेलेही असू शकते. या बाबतीत भरीव चांदी आणि मुलामा यांत एक उलट फरक आढळतो. भरीव चांदीचे भांडे विकले गेले की नवा मालक जुने चिन्ह घासून काढी आणि आपले कोरवून घेई. भांडे वितळविले गेले तर काहीच उरत नसे. शेफील्डच्या भांड्यावरील चिन्ह घासले तर खालचे तांबे उघडे पडे. शिवाय अशा भांड्यातून फारशी चांदी हाती लागत नसल्याने ते वितळविण्याचा मोहही कमी असे. म्हणून ज्या भांड्यात मूल्य कमी, त्यावर मूळ मालकाची खूण टिकण्याची शक्यता अधिक.

समारोप

वरील विवेचनावरून तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला, मुलाम्याच्या भांड्यांचा प्रसार केवळ स्वस्ताईमुळे झाला नाही. चांदीवरील शुल्क, नवे धातुतंत्र आणि कुलचिन्हांवरील सैल झालेले नियंत्रण या तीन गोष्टी एकाच शतकात एकत्र आल्या. दुसरा, चिन्हाखाली मुद्दाम बसविलेली चांदी दाखविते की, उमराव वर्गाने धातूच्या बाबतीत तडजोड स्वीकारली, परंतु नावाच्या बाबतीत ती बराच काळ नाकारली. विद्युत् मुलाम्याने ही मर्यादाही संपविली आणि चिन्ह कोणालाही घेता येईल अशी शोभा बनले. तिसरा, भरीव चांदी संकटात उपयोगी पडणारी शिलकी संपत्ती होती. मुलाम्याचे भांडे तसे नव्हते. ते ठेवणाऱ्या घराण्याची पत आता साठविलेल्या धातूऐवजी लोकांच्या दृष्टीवर अवलंबून होती.

आपल्याकडील संस्थानांच्या राजवाड्यांत आणि वस्तुसंग्रहालयांतही चिन्हांकित युरोपीय भांडी आहेत. त्यांची नोंद करताना 'चांदीचे भांडे' एवढेच लिहून थांबू नये. धातू कोणता, थर कोणत्या कृतीचा, चिन्ह कोणाचे आणि ते कोठे कोरले आहे, एवढ्या चार गोष्टी नोंदविल्या तरी संशोधकाला त्या घराण्याच्या आर्थिक आणि सामाजिक इतिहासाचा धागा मिळू शकतो. घासून उजळविण्याच्या उत्साहात थर आणि चिन्ह दोन्ही नाहीसे होण्यापूर्वी हे काम होणे आवश्यक आहे.